जैवविविधतेची मोजदाद आणि महाजालावरील नोंदी : तंजावरच्या किनाऱ्यावरील धडा

तंजावर जिल्ह्याच्या दक्षिण भागात, पट्टुक्कोट्टै शहरापासून जवळ, पाल्कच्या उपसागराच्या काठी ‘मनोरा’ या नावाने ओळखली जाणारी आठ मजली षट्कोनी वास्तू उभी आहे. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी नेपोलियनवरील इंग्रजांच्या विजयाचे स्मारक म्हणून ती १८१४-१५ च्या सुमारास बांधविली. या वास्तूसमोरच्या उथळ समुद्रात आज देशातील एका अत्यंत दुर्मीळ प्राण्याचे भवितव्य ठरत आहे. हा प्राणी म्हणजे ड्युगाँग अर्थात समुद्रगाय. तमिळ मच्छिमार तिला ‘कडल् पसु’ किंवा ‘आवुळिया’ म्हणतात. तमिळनाडू शासनाने २१ सप्टेंबर २०२२ रोजी तंजावर व पुदुक्कोट्टै या जिल्ह्यांलगतचे ४४८.३४ चौरस किलोमीटर सागरी क्षेत्र देशातील पहिले ड्युगाँग संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून अधिसूचित केले. मनोरा येथे या प्राण्यासाठी आंतरराष्ट्रीय संवर्धन केंद्र उभारण्याचेही शासनाने जाहीर केले आहे.

क्षेत्र राखीव झाले, निधी मिळू लागला, तरी एक मूलभूत प्रश्न शिल्लक राहतो. या प्रयत्नांमुळे समुद्रगायींची संख्या वाढत आहे की घटत आहे, हे कसे कळावे? समुद्रातील प्राण्यांचे शास्त्रीय सर्वेक्षण खर्चिक असते आणि ते वारंवार करता येत नाही. दुसरीकडे किनाऱ्यावरील जवळजवळ प्रत्येक नौकेवर आता भ्रमणध्वनी असतो. जाळ्यात सापडलेली समुद्रगाय सोडून देतानाची चित्रफीत काही तासांत सर्वत्र पोहोचते, स्थानिक वृत्तपत्रात बातमी येते आणि ती महाजालावर कायम राहते. ही सामग्री शासनाला फुकट उपलब्ध आहे. मग तिच्यावरून प्राण्यांच्या संख्येचा अंदाज का बांधू नये? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा परामर्श घेतला आहे. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना पर्यावरण, शासनव्यवहार आणि संख्याशास्त्र या तिन्ही अंगांनी हा विषय उपयुक्त ठरेल.

समुद्रगायीची गणना अवघड का?

ड्युगाँग हा केवळ समुद्रात राहणारा आणि पूर्णतः वनस्पतींवर जगणारा सस्तन प्राणी आहे. उथळ समुद्राच्या तळाशी वाढणारे समुद्री गवत हे त्याचे अन्न. भारतात त्याचे वास्तव्य पाल्कचा उपसागर, मन्नारचे आखात, कच्छचे आखात आणि अंदमान व निकोबार बेटे एवढ्यापुरते उरले आहे. तंजावर-पुदुक्कोट्टैच्या राखीव क्षेत्रात सुमारे १२,२५० हेक्टर समुद्री गवताची कुरणे आहेत. क्षेत्र अधिसूचित होताना शासनाने देशातील समुद्रगायींची संख्या सुमारे २४० असल्याचे नमूद केले होते आणि त्यांतील बहुसंख्य तमिळनाडूच्या किनाऱ्यालगत आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत या प्राण्याचा समावेश आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या सूचीत तो ‘असुरक्षित’ गटात मोडतो.

हा प्राणी श्वास घेण्यासाठी दर काही मिनिटांनी पृष्ठभागावर येतो, पण त्या वेळी नाकपुड्या आणि पाठीचा थोडासा भाग एवढेच दिसते. पाणी गढूळ असेल तर तेही दिसत नाही. शिवाय त्याची वाढ अतिशय मंद असते. मादी तीन ते सात वर्षांच्या अंतराने एकच पिल्लू देते. परिस्थिती अत्यंत अनुकूल असली तरी समुद्रगायींची संख्या वर्षाला साधारण पाच टक्क्यांहून अधिक वाढू शकत नाही, असे अभ्यासक मानतात. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा; पुढील विवेचनात त्याचा उपयोग होणार आहे.

तात्पर्य, येथे संख्या लहान आहे, बदल मंद आहे आणि निरीक्षण कठीण आहे. अशा स्थितीत मोठ्या अंतराने झालेल्या एखाद-दुसऱ्या सर्वेक्षणातून कल सांगणे जवळजवळ अशक्य असते. म्हणूनच दररोज आपोआप जमा होणाऱ्या नोंदींचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे.

महाजालावरील नोंदींचे तीन प्रकार

महाजालावर जैवविविधतेविषयी जी माहिती साठत असते ती एकाच जातीची नसते. तिचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात.

पहिला प्रकार हेतुपूर्वक केलेल्या नोंदींचा. कोर्नेल विद्यापीठाच्या पुढाकाराने २००२ मध्ये सुरू झालेले ‘ई-बर्ड’, २००८ मध्ये सुरू झालेले ‘आय-नॅचरलिस्ट’ आणि त्याच वर्षी सुरू झालेले ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’ ही याची उदाहरणे होत. येथे निरीक्षक स्वतः स्थळ, दिनांक आणि प्रजातीचे नाव नोंदवितो आणि इतर जाणकार ते तपासतात. जगभरातील अशा नोंदी २००१ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक जैवविविधता माहिती सुविधेत एकत्र होतात.

दुसरा प्रकार अन्य हेतूने प्रसृत झालेल्या मजकुराचा. बातम्या, छायाचित्रे, चित्रफिती, सहलींची वर्णने यांचा मूळ हेतू प्राण्यांची मोजणी हा नसतो. परंतु त्यात प्राण्याचा पुरावा दडलेला असतो. हिमाचल प्रदेशातील चंबा भागात घेतलेले एका सापाचे छायाचित्र जून २०२० मध्ये इन्स्टाग्रामवर प्रसिद्ध झाले. ते पाहून संशोधकांनी शोध घेतला आणि २०२१ मध्ये ‘ऑलिगोडॉन चुराहेन्सिस’ ही सापाची नवी प्रजाती विज्ञानाला ज्ञात झाली. अशा सामग्रीवरून निसर्गातील घडामोडींचा अभ्यास करण्याच्या पद्धतीला २०२० पासून ‘आय-इकॉलॉजी’ असे नाव रूढ झाले आहे.

तिसरा प्रकार लोकांच्या कुतूहलाचा. एखाद्या प्राण्याविषयी किती जणांनी शोध घेतला, विकिपीडियावरील त्याचे पान किती वेळा उघडले गेले, यांवरून प्राण्यांची संख्या कळत नाही. समाजाचे लक्ष कोठे आहे ते कळते. या अभ्यासशाखेला २०१६ पासून ‘संवर्धन कल्चरोमिक्स’ म्हटले जाते. जनजागृती मोहिमेचा परिणाम मोजण्यासाठी ती उपयोगी आहे. मात्र लोकांचे कुतूहल आणि प्राण्यांची संख्या या दोन भिन्न बाबी आहेत, हा भेद विद्यार्थ्यांनी कटाक्षाने पाळावा.

जुन्या नोंदी, नवा उपयोग

एका हेतूने केलेली नोंद दुसऱ्या हेतूसाठी वापरणे ही कल्पना नवी नाही. तंजावरलाच तिचे उत्तम उदाहरण आहे. सरफोजीराजांना निसर्गविज्ञानाची विलक्षण आवड होती. त्यांच्या आश्रयाखाली चित्रकारांकडून पशू, पक्षी व वनस्पतींची चित्रे काढून घेण्यात आली. त्यांपैकी काही आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. राजांनी समृद्ध केलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात हस्तलिखितांबरोबरच तंजावर दरबाराची मोडी लिपीतील कागदपत्रेही जतन केलेली आहेत. हे कागद हिशेब, आज्ञा आणि व्यवहार यांसाठी लिहिले गेले. पण इतिहासकार त्यांतून शेती, बाजारभाव आणि सामाजिक जीवन यांची माहिती काढतात.

अशा साधनांबाबत इतिहासकार जी सावधगिरी बाळगतो ती आपल्यालाही शिकता येईल. दरबारी चित्रात एखादा पक्षी आढळला तर तो चित्रकाराने पाहिला होता, एवढेच निश्चित सांगता येते. तो त्या परिसरात विपुल होता की भेटीदाखल दूरदेशाहून पिंजऱ्यात आला होता, हे चित्र सांगत नाही. जो पक्षी चित्रात नाही तो प्रदेशात नव्हता, असेही म्हणता येत नाही. कदाचित तो इतका परिचित होता की त्याचे चित्र काढावेसे कोणाला वाटलेच नसेल. महाजालावरील छायाचित्रांनाही हाच न्याय लागू पडतो. मोर, हत्ती, वाघ यांची छायाचित्रे उदंड असतात. शेतातील बेडकाचे किंवा समुद्री गवताचे छायाचित्र क्वचितच कोणी काढते.

प्रश्न छेदाचा

या विषयाचा गाभा एका साध्या अपूर्णांकात सामावलेला आहे. नोंदींची संख्या हा अंश होय. ती मिळविण्यासाठी झालेले निरीक्षणाचे एकूण श्रम हा छेद. महाजाल आपल्याला अंश सहज देते, छेद मात्र देत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका किनाऱ्यावर पहिल्या वर्षी कॅमेऱ्याचा भ्रमणध्वनी असलेल्या ४० नौका समुद्रात जात होत्या आणि त्या वर्षी समुद्रगायींच्या ८ चित्रफिती प्रसिद्ध झाल्या. काही वर्षांनी अशा नौकांची संख्या १२० झाली आणि त्या वर्षी १२ चित्रफिती आल्या. नुसता अंश पाहिला तर नोंदी ८ वरून १२ झाल्या, म्हणजे ५० टक्के वाढ. वृत्तपत्राचा मथळा होईल, ‘समुद्रगायींची संख्या दीडपट’. परंतु प्रति नौका नोंदी काढल्या तर पहिल्या वर्षी हे प्रमाण ०.२० होते आणि नंतर ०.१० झाले. म्हणजे दर्शनाचे प्रमाण निम्म्यावर आले. एकाच सामग्रीतून दोन परस्परविरुद्ध निष्कर्ष निघाले आणि त्यांतील पहिला अधिक सुखद असल्याने तोच प्रचारात राहण्याचा संभव अधिक.

येथे वर नमूद केलेला पाच टक्क्यांचा आकडा उपयोगी पडतो. राखीव क्षेत्र जाहीर झाल्यानंतर एक-दोन वर्षांतच नोंदी दीडपट झाल्या तर ती वाढ जननामुळे झाली असे मानणे जीवशास्त्राच्या विरुद्ध होईल. मग प्राणी अन्य भागांतून आले असतील, किंवा क्षेत्राला प्रसिद्धी मिळाल्यामुळे लोक अधिक जागरूकपणे नोंद करू लागले असतील. दुसरे कारण अधिक संभवनीय आहे. म्हणजे संवर्धनाचा कार्यक्रमच मोजण्याच्या साधनात बदल घडवितो. धोरणाचे मूल्यमापन करताना हा धोका सदैव लक्षात ठेवावा लागतो.

छेदाकडे दुर्लक्ष केल्याने मोठमोठ्या प्रयत्नांतही त्रुटी राहिल्या आहेत. गुगलवरील शोधांच्या आधारे लोकांचा पर्यावरणातील रस घटत असल्याचा निष्कर्ष २०१३ मध्ये मांडला गेला. लगेच त्यावर आक्षेप आला. ही आकडेवारी एकूण शोधांमधील सापेक्ष हिस्सा दाखविते. महाजालाचा वापर करमणूक आणि खरेदीसाठी वाढला की पर्यावरणाचा हिस्सा घटतो. त्याविषयी शोध घेणाऱ्या माणसांची संख्या घटलेलीच असते असे नाही. आरोग्याच्या क्षेत्रातही असेच घडले. शोधांवरून इन्फ्लुएंझाच्या साथीचा अंदाज देणारा गुगलचा उपक्रम २००८ मध्ये सुरू झाला. २०१२-१३ च्या हिवाळ्यात त्याने अमेरिकेतील साथीचा अंदाज वास्तवाहून कितीतरी अधिक दिला आणि २०१५ मध्ये त्याचे प्रकाशन थांबले.

अर्थशास्त्रात या दोषाला नमुना निवडीचा पक्षपात म्हणतात. जेम्स हेकमन यांनी १९७९ मध्ये त्याच्या दुरुस्तीची पद्धत मांडली आणि २००० मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल स्मृती पारितोषिक मिळाले. ज्या व्यक्ती नमुन्यात येतात त्या योगायोगाने येत नाहीत. त्या येण्यामागे कारण असते आणि ते कारण निष्कर्षाला प्रभावित करते. ‘व्यक्ती’च्या जागी ‘नोंद’ हा शब्द घातला की आपला प्रश्न तयार होतो.

पक्षिनिरीक्षकांनी काढलेला मार्ग

या अडचणीवर उपाय नाही असे नाही. भारतातील पक्षिनिरीक्षकांनी तो व्यवहारात आणून दाखविला आहे. ई-बर्डवर नोंद करताना निरीक्षकाने दिसलेल्या सर्व प्रजातींची पूर्ण यादी द्यावी, तसेच किती वेळ आणि किती अंतर निरीक्षण केले ते लिहावे अशी अपेक्षा असते. त्यामुळे एखादा पक्षी न दिसल्याचीही नोंद होते. छेद मिळतो तो येथे. शंभर पूर्ण याद्यांपैकी किती याद्यांत चिमणी आहे, हे प्रमाण काढले की निरीक्षकांची संख्या वाढली तरी तुलना शक्य होते.

तमिळनाडूत २०१५ पासून पोंगलच्या सणात चार दिवस पक्षिगणना होते. कोणीही आपल्या घराजवळ, शेतावर किंवा तळ्याकाठी किमान पंधरा मिनिटे निरीक्षण करून यादी देऊ शकतो. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भातखाचरांसारख्या अभयारण्याबाहेरील भूभागातील पक्ष्यांची माहिती मिळविण्यासाठी अशा उपक्रमाचे महत्त्व मोठे आहे. जवळच असलेले कोडिक्करै अर्थात पॉइंट कॅलिमेर हे पाणथळ क्षेत्र (१९९१ पर्यंत अविभाजित तंजावर जिल्ह्यात, आता नागपट्टिनम जिल्ह्यात) २००२ पासून रामसर यादीत आहे. तेथे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने अनेक दशके पक्ष्यांच्या पायांत कडी घालून शास्त्रीय अभ्यास केला आहे. हौशी याद्या आणि दीर्घकालीन शास्त्रीय अभ्यास ही दोन साधने परस्परपूरक आहेत.

अशा नोंदींच्या आधारे ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल तयार होतो. २०२० च्या अहवालात ८६७ प्रजातींचा आढावा होता. त्यासाठी १५,५०० हून अधिक निरीक्षकांच्या एक कोटीहून अधिक नोंदी वापरल्या गेल्या. २०२३ च्या अहवालात ९४२ प्रजाती आणि सुमारे ३०,००० निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदी होत्या. त्यांपैकी १७८ प्रजातींना संवर्धनाचा उच्च अग्रक्रम देण्यात आला. विद्यार्थ्यांनी यातील आणखी एक आकडा विशेषत्वाने पाहावा. तीन कोटी नोंदी असूनही ९४२ पैकी केवळ ३३८ प्रजातींचा दीर्घकालीन कल निश्चित करता आला; त्यांतील ६० टक्के प्रजाती घटलेल्या आढळल्या. उर्वरित प्रजातींविषयी अहवालकर्त्यांनी अंदाज बांधला नाही. सामग्री पुरेशी नसताना निष्कर्ष न काढणे हेही शास्त्रीय शिस्तीचेच लक्षण आहे.

जे दिसत नाही त्याचे काय?

पक्ष्यांची ही पद्धत समुद्रगायीला जशीच्या तशी लावता येणार नाही. मच्छिमार समुद्रावर जातो तो पोटासाठी. प्राण्यांच्या याद्या करण्यासाठी नव्हे. त्याची नोंद ही त्याच्या आर्थिक परिस्थितीशी आणि कायद्याच्या भीतीशी निगडित असते.

पहिल्या अनुसूचीतील प्राणी जिवंत सोडून दिल्यास त्याची चित्रफीत काढण्यात अभिमान असतो. तमिळनाडूत अशा मच्छिमारांचा सत्कारही होतो. परंतु जाळ्यात गुदमरून मेलेली समुद्रगाय आढळली तर? चौकशी होईल, जाळे आणि नौका अडकून पडेल, दिवसाची कमाई बुडेल, ही भीती मच्छिमाराला गप्प बसविण्यास पुरेशी आहे. परिणामी महाजालावर सुटकेच्या नोंदी येतात आणि मृत्यूच्या नोंदी राहून जातात. सुमारे २४० प्राण्यांच्या समुदायात एकेका प्रौढ मादीच्या मृत्यूला महत्त्व आहे. म्हणजे ज्या माहितीची सर्वाधिक गरज तीच सर्वांत कमी मिळते. कोणतेही संगणकीय तंत्र न केलेली नोंद शोधून काढू शकत नाही. नोंद करणे मच्छिमाराला परवडेल अशी व्यवस्था उभी करणे हाच यावरचा उपाय आहे.

या संदर्भात महाराष्ट्राचा अनुभव उद्बोधक आहे. राज्यात डिसेंबर २०१८ पासून एक योजना राबविली जाते. संरक्षित सागरी प्राण्याची सुटका करण्यासाठी मच्छिमाराने जाळे कापले तर त्याला २५,००० रुपयांपर्यंत नुकसानभरपाई मिळते. त्यासाठी सुटकेचे छायाचित्र किंवा चित्रफीत पुरावा म्हणून द्यावी लागते. समुद्री कासवे आणि देवमासा बहिरी अर्थात व्हेल शार्क यांची अशी सुटका कोकण किनाऱ्यावर झाली आहे. योजनेचा मूळ हेतू भरपाई देण्याचा. पण प्रत्येक दाव्याबरोबर प्रजाती, दिनांक आणि स्थळ यांची तपासलेली नोंद शासनाकडे जमा होते. भ्रमणध्वनीवरील चित्रफीत येथे करमणुकीची वस्तू न राहता सार्वजनिक दस्तऐवज बनते.

पाल्कच्या उपसागरातही पायाभूत तयारी झालेली आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने ‘कॅम्पा’ निधीतून २०१६ मध्ये सुरू केलेल्या ड्युगाँग पुनरुज्जीवन कार्यक्रमात मच्छिमार स्वयंसेवकांचे जाळे उभारले गेले. त्यात पुढील पाऊल असे टाकता येईल की, भरपाई व सन्मान केवळ सुटकेसाठी न देता प्रामाणिक माहितीसाठीही द्यावा. अपघाती मृत्यूची स्वतःहून माहिती देणाऱ्यास त्रास होणार नाही अशी स्पष्ट कार्यपद्धती ठरवावी. काही निवडक नौकांनी रोज समुद्रावर घालविलेले तास आणि ‘आज काही दिसले नाही’ हीदेखील नोंद ठेवावी. छेद मिळविण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही.

भाषा, गोपनीयता आणि मालकी

महाजालावरील सामग्री वापरताना आणखी तीन प्रश्न उपस्थित होतात.

पहिला प्रश्न भाषेचा. केवळ इंग्रजी शब्द घेऊन शोध केला तर शहरी व परदेशी मजकूर हाती येतो. किनाऱ्यावरची माहिती तमिळमध्ये असते. स्थानिक भाषेत शोधतानाही अर्थाची संदिग्धता असते. मराठीत ‘वाघ’ शोधल्यास प्राण्याबरोबर आडनावे आणि राजकीय भाषणे येतात. ‘चिमणी’ शोधल्यास पक्ष्याबरोबर गिरणीचे धुरांडे आणि रॉकेलचा दिवा येतो. यंत्राने निवडलेला मजकूर भाषा व परिसर जाणणाऱ्या माणसाने तपासणे म्हणूनच अनिवार्य आहे. जुनी चित्रफीत नवी म्हणून फिरविली जाणे किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेने बनविलेले चित्र खरे म्हणून पसरणे, या आजच्या अडचणींमुळे ही गरज अधिकच वाढली आहे.

दुसरा प्रश्न गोपनीयतेचा. दुर्मीळ प्राण्याचे अचूक स्थळ जाहीर करणे म्हणजे शिकाऱ्याला वाट दाखविणे होय. म्हणून आय-नॅचरलिस्टवर संकटग्रस्त प्रजातींचे स्थळ ०.२ अंश अक्षांश-रेखांशाच्या चौकटीत अस्पष्ट केले जाते. तंजावरच्या अक्षांशावर अशी एक चौकट सुमारे ४८० चौरस किलोमीटर भरते, म्हणजे संपूर्ण राखीव क्षेत्राहूनही किंचित मोठी. प्राण्याच्या सुरक्षिततेसाठी हे योग्यच आहे. पण कोणत्या कुरणावर जाळ्यांची मनाई असावी हे ठरविण्यास अशी नोंद निरुपयोगी ठरते. यासाठी अचूक स्थळाची माहिती अधिकृत यंत्रणेकडे, आणि सर्वसाधारण माहिती लोकांकडे, अशी द्विस्तरीय व्यवस्था लागते. नोंद करणाऱ्या मच्छिमाराची ओळखही तितकीच जपली पाहिजे.

तिसरा प्रश्न मालकीचा. समाजमाध्यमांवरील सामग्री खासगी कंपन्यांच्या ताब्यात असते. ट्विटरने २०२३ मध्ये संशोधकांना मिळणारी विनामूल्य सुविधा बंद केली. फेसबुकवरील मजकुराच्या अभ्यासाचे ‘क्राउडटँगल’ हे साधन ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाले. जैवविविधतेची माहिती ही अर्थशास्त्रीय परिभाषेत सार्वजनिक वस्तू आहे. एकाने वापरली म्हणून दुसऱ्यासाठी ती कमी होत नाही. अशा वस्तूचा पुरवठा पूर्णपणे खासगी इच्छेवर सोपविला तर दीर्घकालीन निरीक्षणाची साखळी कोणत्याही दिवशी तुटू शकते.

धोरणात्मक चौकट

या प्रश्नांना सामावून घेणारी कायदेशीर चौकट आपल्याकडे आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ४१ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असते आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे प्रमुख काम आहे. महाजालावर आढळलेली नोंद गावातील समितीने पडताळून नोंदवहीत घेतली तर विखुरलेल्या माहितीला अधिकृत आधार मिळेल. वन्यजीव अधिनियमात २००२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३६-अ नुसार संवर्धन राखीव क्षेत्र घोषित करण्यापूर्वी स्थानिक समुदायांशी विचारविनिमय करावा लागतो. पाल्कच्या उपसागरातील क्षेत्र याच वर्गातील आहे. तेथे उपजीविका आणि संवर्धन यांची सांगड अपेक्षित असल्याने मच्छिमाराच्या नोंदीला विशेष स्थान असावयास हवे.

आंतरराष्ट्रीय पातळीवर डिसेंबर २०२२ मध्ये कुनमिंग-माँट्रियल जागतिक जैवविविधता आराखडा स्वीकारला गेला. त्यातील २३ लक्ष्यांपैकी २१ वे लक्ष्य असे की, निर्णयकर्ते, कार्यकर्ते आणि जनता यांना उत्तम उपलब्ध माहिती व ज्ञान मिळावे. स्थानिक समुदायांचे पारंपरिक ज्ञान त्यांच्या संमतीनेच वापरावे, असेही हे लक्ष्य सांगते. भारताने आपल्या अद्ययावत राष्ट्रीय जैवविविधता कृती आराखड्यातही २३ राष्ट्रीय लक्ष्ये निश्चित केली आहेत. ही लक्ष्ये किती साध्य झाली हे सांगण्यासाठी विश्वासार्ह मोजमाप लागेल आणि त्यात महाजालावरील नोंदींचा वाटा वाढत जाणार, यात शंका नाही.

समारोप

महाजालावरील माहिती स्वस्त आहे, पण फुकट नाही. तिची किंमत पडताळणीच्या श्रमांत, छेद शोधण्यात आणि नोंद करणाऱ्याचा विश्वास मिळविण्यात मोजावी लागते. प्राणी कोठे आढळतो, जाळ्यांशी त्याचा संबंध कोठे येतो, कोणत्या गावात सर्वेक्षणाची निकड आहे, हे ही माहिती लवकर आणि चांगले सांगते. प्राणी किती आहेत आणि वाढत आहेत काय, हे ती एकटीने सांगू शकत नाही. त्यासाठी ठरावीक मार्गांवरील नियमित सर्वेक्षणाची जोड हवी. पहिले काम करणारे साधन दुसऱ्या कामासाठी वापरले तर संवर्धन यशस्वी झाल्याचा भास होईल आणि त्या भासाखाली समुद्रगाय नाहीशी होऊ शकेल.

एखाद्या प्राण्याच्या नोंदी वाढल्याचे वाचनात आले की विद्यार्थ्यांनी प्रथम तीन प्रश्न विचारावेत : पाहणारे किती वाढले? न दिसल्याची नोंद कोणी ठेवली? आणि कोणती नोंद करण्यास माणसे घाबरतात? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज संख्येविषयी विधान करू नये. सरफोजीराजांच्या चित्रकाराने जे पाहिले ते निष्ठेने रेखाटले, म्हणून दोनशे वर्षांनंतरही त्याची नोंद अभ्यासकाला उपयोगी पडते. मनोऱ्यासमोरच्या समुद्रात आज भ्रमणध्वनी हाती घेऊन उभा असलेला मच्छिमारही तसाच नोंदकर्ता आहे. सुटकेइतकीच मृत्यूची नोंदही तो निर्भयपणे करू शकेल, त्या दिवशी या राखीव क्षेत्राची खरी मोजदाद सुरू होईल.